सांध्याची मालकी



ही व्याख्यानमाला एका तंत्रशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे संतसाहित्य, राजकारण आणि ‘आजची तरुण पिढी’ हे आपल्या व्याख्यानमालांचे तीन हमरस्ते मी आज सोडले, तरी तुम्ही सांभाळून घ्याल. माझा धंदा पेटंट एजंटचा. शोध दुसऱ्यानं लावायचा आणि मी तो कायद्याच्या भाषेत बसवायचा. या धंद्यात नाव होत नाही. पण जगभरची पेटंटं वाचायला मिळतात आणि वाचल्याचे पैसेही मिळतात, ही चैन फार थोड्या धंद्यांत आहे.

अमेरिकेचं पेटंट कार्यालय नवी पेटंटं मंगळवारी जाहीर करतं. एखाद्या मंगळवारचा गठ्ठा उघडून बसलात, तर कोणाच्या शेजारी कोण येऊन बसलंय याला काही धरबंध नसतो. नळाचा जोड, त्याखाली औषधाची गोळी, त्याखाली आकडे तपासायची युक्ती, त्याखाली कुलूप. १२ ऑक्टोबर १८६९ च्या मंगळवारी पाइप पान्याला पेटंट मिळालं. २३ ऑगस्ट १९६० च्या मंगळवारी आकड्यांतली चूक पकडणाऱ्या एका छोट्या यंत्राला मिळालं. आणि २० सप्टेंबर १९८३ च्या मंगळवारी मिळालं ते गुप्तलेखनाच्या एका पद्धतीला, जिच्या भरवशावर पुढे इंटरनेटवरची खरेदी-विक्री उभी राहिली.

आज याच तीन घराण्यांविषयी बोलायचं आहे: पाइपांचे जोड, आकड्यांची पडताळणी आणि ऑनलाइन सुरक्षा. वरवर पाहता यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण तिघांचं काम एकच आहे. एकाकडून दुसऱ्याकडे काहीतरी जात असतं आणि ते वाटेत गळू नये, बिघडू नये, चोरीला जाऊ नये, एवढंच त्यांना पाहायचं असतं. पाइप मध्येच क्वचित गळतो; गळतो तो जोडाशी. आकडा वहीत पडल्या पडल्या बदलत नाही. एकानं वाचून दुसऱ्यानं लिहिताना बदलतो. हे सगळे सांध्यांचे शोध आहेत, आणि सांध्याची गोची अशी की तो दोघांचा असतो. पेटंट मात्र एकाचं असतं. माझा जोड तुमच्या पाइपला बसला तरच त्याला किंमत. पण तुम्हाला तो बनवू द्यायचा नाही, ही तर पेटंटची मूळ कल्पना. हे जमवायचं कसं, यावर पावणेदोनशे वर्षांत लोकांनी जे मार्ग काढले, ते मला त्या शोधांइतकेच चतुर वाटतात.

पाइपांपासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टवर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकारानं निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांतून मधलं माप काढलं आणि १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे ते मांडलं. आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंश. हा कोन काही निसर्गनियमातून आलेला नाही, लोक आधीपासून जे करत होते त्याची ती सरासरी आहे. व्हिटवर्थ काही पेटंटांना नाकं मुरडणारे नव्हते. त्यांच्या स्वतःच्या नावावर पेटंटं होती. पण यंत्राचं पेटंट घेणारा हा माणूस आट्याचं माप मात्र सर्वांसमोर वाचून दाखवतो, यात मला व्यवहारज्ञान दिसतं. माप जेवढं पसरेल तेवढी त्या मापाची यंत्रं विकली जाणार.

अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा सुचवला, कारण तो पाडायला सोपा. तेव्हापासून जगातल्या आट्यांचे दोन पंथ झाले. आपण इंग्रजांच्या पंथातले. आता गंमत बघा. अर्ध्या इंची पाइपला इंग्रजी पद्धतीतही एका इंचात १४ आटे आणि अमेरिकन पद्धतीतही १४. उतारही दोन्हींत सोळास एक. फरक मुख्यतः खाचेच्या कोनाचा, पाच अंशांचा, आणि व्यासातल्या किरकोळ तफावतीचा. परदेशातून आलेल्या यंत्राच्या तोंडाला आपल्या बाजारातला निपल लावला की तो दोन-तीन फेरे छान बसतो. लावणाऱ्याला वाटतं, जमलं. मग दाब सोडला की गळती सुरू. एक इंचाच्या पाइपला अमेरिकन आटे साडेअकरा आणि आपले अकरा, त्यामुळे तिथे भांडण लवकर उघडकीस येतं. पूर्ण न जुळणारा जोड परवडला. जुळल्यासारखा वाटणारा जोड घात करतो. हे वाक्य तेवढं लक्षात असू द्या, पुढे आधारच्या आकड्यापाशी ते लागणार आहे.

अशा अर्धवट जुळणाऱ्या आट्यांना सांभाळून घेण्याचं काम आपले जुने मिस्त्री सफेदा आणि तागाच्या धाग्यानं करत. आता पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. ६ एप्रिल १९३८ ला ड्युपाँच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांनी एका नळकांड्यातून वायू सोडायला झडप उघडली तर वायू येईना. नळकांडं कापलं तर आत पांढरी भुकटी. तिचं पेटंट १९४१ चं. प्लंकेट शीतकपाटात भरायचा वायू शोधत होते आणि सापडलं ते आपल्या नळाच्या गळतीवरचं औषध!

आता पाइप पाना. डॅनिएल स्टिलसन हे मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलवर्थ कंपनीत यंत्रकार होते. गोल, गुळगुळीत पाइप पकडून फिरवायचा कसा, हा प्रश्न. त्यांनी असा जबडा केला की दांडा जितका जोरानं ओढाल तितका तो पाइपला अधिक चावतो. कंपनीनं सांगितलं म्हणतात, की करून दाखव: एकतर पाइप पिळून निघू दे, नाहीतर पाना मोडू दे. पाइप पिळला. स्टिलसन यांना हयातभर मिळून सुमारे ८० हजार डॉलर स्वामित्वधन मिळालं असं सांगतात. त्या काळी ही संपत्ती होती. आजही आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टिलसन’ मागितला तर पानाच मिळतो. या पेटंटनं मालकाला पैसे दिले आणि लोकांना त्रास दिला नाही, याचं कारण उघड आहे. पाना हा सांधा नव्हे. तो सांधा बसवायचं अवजार आहे. तुमचा पाना कोणत्या कंपनीचा, याच्याशी माझ्या पाइपला काही देणंघेणं नसतं.

उलट उदाहरण १९१९ च्या सुमाराचं. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवातून इंग्लंडमध्ये एक जोड निघाला. त्यात आटे नाहीत, डाग देणं नाही. दोन्ही पाइपांच्या टोकांना खाच पाडायची, मध्ये रबरी कडं ठेवायचं आणि वरून दोन पाळ्यांची पकड आवळायची. युद्धातला विजय आणि पाण्याचं तंत्र यांच्या इंग्रजी शब्दांची मोट बांधून कंपनीनं ‘व्हिक्टॉलिक’ हे नाव घेतलं. जोड उत्तम, आज मोठ्या इमारतींच्या आगीच्या नळांवर या जातीच्या पकडी दिसतात. पण त्यासाठी पाइपच्या टोकाला खाच हवी, म्हणजे पाइपवाल्यानंही तुमच्या पंथात यायला हवं. १९४७ मध्ये क्लीव्हलँडमध्ये सुरू झालेल्या स्वेजलॉकचा दोन कड्यांचा जोडही असाच. प्रयोगशाळांत आणि रसायन कारखान्यांत त्याला तोड नाही, पण एका कंपनीचा नट आणि दुसरीची कडी अशी सरमिसळ करू नका, असं या धंद्यातले लोक पहिल्याच दिवशी शिकवतात. थोडक्यात, सांध्याचं पेटंट घ्यायचं असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजू तुम्हीच विकायला हव्यात. मोठ्या कारखान्याला ते परवडतं. शेतकऱ्याला परवडत नाही.

ठिबकचंच बघा. इस्रायलमध्ये सिमखा ब्लास यांनी तोटीची रचना सिद्ध केली आणि १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झनं तिच्यावर कारखाना काढला. पाणी लांब, वळणावळणाच्या वाटेनं नेऊन त्याचा जोर मोडायचा आणि थेंब थेंब सोडायचं, ही मूळ युक्ती. पुढे हे तंत्र आपल्याकडे आलं, जळगावात त्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि खानदेशातली केळी त्यावर पोसली. तोटीच्या पेटंटनं कोणाचं अडलं नाही, कारण तोटीची दुसरी बाजू म्हणजे माती. मातीला कोणत्याही कंपनीचं पाणी चालतं. अडतं ते लॅटरल नळीच्या जॉइनरपाशी. नळी सोळा मिलिमीटरची, जॉइनरही सोळाचा, तरी एकाचा दुसऱ्यात सैल आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात शिरता शिरत नाही. मग शेतकरी नळीचं तोंड गरम पाण्यात बुडवतो किंवा वरून तार आवळतो. ही तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आलं, तर पेटंटच्या कायद्यात तिचं उत्तर नाही. ते मानकाच्या कामात आहे, आणि मानकाच्या कामाला आपल्याकडे टाळ्या पडत नाहीत.

पाइपांचा विषय सोडण्याआधी अलेक्झांडर कमिंग यांना नमस्कार केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे एडिंबरोचे, लंडनमध्ये घड्याळं करणारे. १७७५ मध्ये त्यांनी शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात पाइपला एक वाक दिला होता. वाकात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. झडप नाही, स्प्रिंग नाही, झिजण्यासारखं काही नाही, पहारा पाण्याचाच. तुमच्या मोरीतला न्हाणी ट्रॅप याच तत्त्वावर चालतो. उन्हाळ्यात गावी जाऊन आलात की घरात वास येतो, तो वाकातलं पाणी वाळल्यामुळे. एक तांब्या ओता, काम झालं.

आता आकड्यांकडे वळू. हान्स पेटर लून हे जर्मनीतल्या बार्मेन गावचे, एका छापखानावाल्याचे चिरंजीव. कापडधंद्यात शिरले, तिथे विणीतले धागे मोजायचं एक भिंग-पट्टीसारखं साधन त्यांनी काढलं आणि त्याला आपलं नाव दिलं: लूनोमीटर. पुढे ते अमेरिकेत आयबीएममध्ये गेले. नावावर ऐंशीहून अधिक पेटंटं. ६ जानेवारी १९५४ ला त्यांनी अर्ज केला तो ‘आकडे पडताळणाऱ्या संगणका’साठी. त्या काळी संगणक म्हणजे हिशेब करणारं काहीही. लून यांचं यंत्र हातात मावेल एवढं होतं आणि विजेवर चालत नव्हतं.

त्यामागचं गणित मी तुम्हाला आत्ताच करून दाखवतो. समजा खातं क्रमांक ४७२५. उजवीकडून सुरू करा आणि एकाआड एक आकडा दुप्पट करा; दुप्पट दोन आकडी आली तर तिचे आकडे मिळवा. ५ ची दुप्पट १०, म्हणजे १. २ तसाच. ७ ची दुप्पट १४, म्हणजे ५. ४ तसाच. बेरीज १२. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे वीसला, आठ कमी. तो ८ शेवटी चिकटवायचा: ४७२५८. आता कारकुनानं घाईत ४२७५८ लिहिलं, तर बेरीज वीस ऐवजी २४ येते आणि चूक उघडी पडते. नुसती बेरीज केली असती तर अदलाबदल कळलीच नसती, कारण क्रम बदलून बेरीज बदलत नाही. दुप्पट करण्यामुळे प्रत्येक जागेला वेगळं वजन येतं, ही खरी खुबी. तुमच्या खिशातल्या डेबिट कार्डाचा शेवटचा आकडा असाच निघतो. मोबाइलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलंत तर पंधरा आकडी क्रमांक येतो, त्याचाही शेवटचा आकडा असाच. जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर याच कुळातलं, फक्त तिथे अक्षरं आणि आकडे मिळून छत्तीस चिन्हांवर हिशेब चालतो.

या युक्तीतून एक गोष्ट निसटते. ० आणि ९ शेजारी असतील आणि त्यांची अदलाबदल झाली, तर लून यांना कळत नाही. शून्याची दुप्पट शून्य. नवाची दुप्पट अठरा, म्हणजे पुन्हा नऊच. दोन्ही आकडे दुप्पट केल्यावर जसेच्या तसे राहतात, मग जागा बदलल्याचं कळणार कसं?

हे छिद्र बुजवलं याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं. त्यांनी डच टपालखात्यातल्या खऱ्याखुऱ्या चुका तपासल्या: माणसं आकडे लिहिताना नेमकी कशी चुकतात. बहुतेक वेळा एक आकडा चुकतो, त्याखालोखाल शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल होते. इथे थोडं विषयांतर करतो. डच भाषेत पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस म्हणतात, अगदी आपल्यासारखं. ऐकताना पाच आधी येतो आणि लिहायचा मात्र नंतर असतो. काही वर्षांपूर्वी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! भाषेचा अभिमान ठीक, पण दूरध्वनीवर खातं क्रमांक लिहून घेणाऱ्या कारकुनाची बाजू त्या वादात कोणी मांडली नाही.

व्हेरहूफ यांनी बेरीज-गुणाकार बाजूला ठेवले आणि पंचकोनाच्या हालचाली घेतल्या. पुठ्ठ्याचा पंचकोन आधी फिरवून मग उलटा केला, तर तो एका ठिकाणी येतो; आधी उलटा करून मग फिरवला, तर दुसऱ्याच ठिकाणी. क्रम बदलला की उत्तर बदलतं. नेमकं हेच हवं होतं. फिरवण्याच्या पाच आणि उलटवण्याच्या पाच, अशा दहा हालचाली दहा आकड्यांना वाटून दिल्या, वर आकड्याच्या जागेप्रमाणे आणखी एक उलटापालट केली, आणि एका आकड्याची प्रत्येक चूक व शेजाऱ्यांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाऊ लागली. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रानं १९६९ मध्ये हे पुस्तकरूपानं छापलं. त्यानंतर चाळीस वर्षांनी आपल्याकडे आधार क्रमांकाची आखणी सुरू झाली, तेव्हा बाराव्या आकड्यासाठी हीच पद्धत उचलली गेली. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. सातपुड्याच्या परिसरातल्या त्या गावात वाटल्या गेलेल्या प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी डच टपालखात्यातल्या चुकांचा अभ्यास बसलेला होता.

पण ‘जुळल्यासारखा वाटणारा जोड’ म्हणालो होतो ना, ते इथे येतं. शेवटचा आकडा बरोबर आला याचा अर्थ क्रमांक नीट उतरवला गेला, एवढाच. तो क्रमांक कोणाला दिलेला आहे की नाही आणि समोर बसलेला माणूस तोच आहे की नाही, याबद्दल तो आकडा मुका आहे. गणित येणारा कोणीही मनातल्या मनात हवे तेवढे ‘बरोबर’ क्रमांक तयार करू शकतो. आपल्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स बघून ‘क्रमांक सिस्टीमनं घेतला’ म्हणून पुढे जाणारे पुष्कळ काउंटर आहेत. सिस्टीमनं घेतला म्हणजे आटा दोन फेरे बसला. दाब अजून सोडायचा आहे.

चूक पकडण्यापुढे जाऊन ती सुधारू पाहणारे गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग, यांची गोष्ट थोडक्यात. बेल प्रयोगशाळेतलं रिलेंवर चालणारं यंत्र शनिवार-रविवारी देखरेखीविना चालायचं आणि चूक सापडली की चालू काम टाकून पुढचं घ्यायचं. सोमवारी हॅमिंग यांचं काम तसंच पडलेलं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली हे कळून ती दुरुस्त का होऊ नये, या चिडीतून चुका सुधारणारी संकेतपद्धत निघाली. पेटंटचा अर्ज होईपर्यंत लेख थांबवून ठेवला गेला आणि तो १९५० मध्ये छापून आला. दरम्यान १९४९ मध्ये मार्सेल गोले यांनी एका पानात त्याच विषयावर छापूनही टाकलं. श्रेयाचा घोळ पुढे चालू राहिला. गणिताच्या सूत्रांना पेटंट मिळूच शकत नाही, असं स्वतः हॅमिंग यांचं मत होतं. कंपनीच्या वकिलांनी १९५१ मध्ये ते मिळवून दाखवलं. आणि १९५६ मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्याच्या तडजोडीत बेलच्या तोवरच्या सगळ्या पेटंटांचे परवाने इतरांना द्यावे लागले. एवढा आटापिटा करून राखलेलं कुंपण पाच वर्षांत उघडलं.

आता कुलूप. आतापर्यंतच्या युक्त्या चुकणाऱ्या माणसासाठी होत्या. ऑनलाइन सुरक्षेत समोर फसवणारा माणूस असतो, आणि तो तुमचं पेटंटही वाचतो. १९७७ मध्ये एमआयटीत रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन यांनी जी पद्धत काढली तिचा पाया एवढाच: १०१ गुणिले १०३ कोणीही करेल, पण १०४०३ चे अवयव पाडा म्हटलं तर शाळेतला मुलगा तासभर बसेल. शेकडो आकडी संख्या घेतल्या की हा तास युगांचा होतो. त्यातून दोन किल्ल्या निघतात. एक चौकात टांगून ठेवायची, एक आपल्याजवळ. चौकातल्या किल्लीनं कोणीही पेटी बंद करू शकतो, उघडता येते ती फक्त आपल्याला. उलट वापरली की तीच सही होते. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढलात, तर त्यावरची सही याच कल्पनेतून आलेली असते. तलाठ्याकडे शिक्क्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय स्तंभात ही पद्धत छापली आणि १२९ आकडी संख्या देऊन शंभर डॉलरचं बक्षीस लावलं. विश्वाच्या वयाहून अधिक वर्षं लागतील, असा त्या वेळचा अंदाज होता. सतरा वर्षांत, १९९४ मध्ये, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून काम वाटून घेऊन ती फोडली. मला मात्र त्या स्तंभाच्या तारखेत अधिक रस आहे. पेटंटचा अर्ज गेला तो डिसेंबर १९७७ मध्ये. अमेरिकेच्या कायद्यात छापल्यापासून वर्षभराची सवलत होती. युरोपात नव्हती. त्यामुळे जगातल्या सर्वांत मोलाच्या कुलपांपैकी एकाचं पेटंट फक्त अमेरिकेत राहिलं. त्याच पद्धतीचा प्रोग्राम बोस्टनमध्ये लिहिला तर परवाना हवा आणि पुण्यात लिहिला तर नको! त्यात अमेरिकेचे निर्यातीचे निर्बंध. परिणाम असा की जगभरच्या प्रोग्रामकारांनी पेटंट टाळण्यासाठी निराळ्या पद्धती वापरल्या. अमेरिकी सरकारनंही १९९१ मध्ये सहीसाठी दुसरी पद्धत पुढे केली. संदेश पाठवणाऱ्याकडे एक कुलूप, घेणाऱ्याकडे दुसरं. अर्ध्या इंचाचे दोन पंथ पुन्हा एकदा.

पेटंट २० सप्टेंबर २००० ला संपायचं होतं. त्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीनं दोन आठवडे आधी, ६ सप्टेंबरलाच ते खुलं केलं. इतक्या उशिरा दाखवलेल्या औदार्याला काय म्हणावं हे तुम्हीच ठरवा. योगायोग असा की आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि त्यात डिजिटल सहीसाठी दोन किल्ल्यांचीच पद्धत लिहिलेली होती. आणि या कथेतली कडू गंमत शेवटी: इंग्लंडच्या गुप्तचर खात्यात क्लिफर्ड कॉक्स या तरुण गणितज्ञानं हीच पद्धत १९७३ मध्ये शोधली होती. ती फायलीत बंद राहिली आणि १९९७ मध्ये जगाला कळली. शोध दडवून ठेवला तर पेटंट नाही. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा: तू उघड सांग, मी काही वर्षं राखण करतो. नवल एवढंच की गुपित राखण्याची पद्धतही उघड सांगूनच मिळकतीची झाली.

ओटीपीचा इतिहासही याच वळणाचा. दर मिनिटाला आकडा बदलणाऱ्या छोट्या पट्टीचं पेटंट १९८८ मध्ये केनेथ वाइस यांना मिळालं. पट्टी आणि ती ओळखणारं यंत्र, दोन्ही एकाच घरचं. बँकांनी आणि कंपन्यांनी ते विकत घेतलं. पुढे २००५ आणि २०११ मध्ये खुली मानकं आली आणि कोणाच्याही फोनमधलं कोणतंही ॲप कोणत्याही खात्यासाठी आकडे काढू लागलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हा पट्ट्या वाटत बसायची गरज पडली नाही. एसएमएसनं भागलं. आता चोर कुलूप फोडतच नाहीत. फोन करून आकडा विचारतात आणि लोक सांगतात. या सांध्यासाठी माझ्याकडे बरेच उत्साही शोधक येतात. त्यांना मी फार आशा दाखवत नाही.

क्यूआर कोड मात्र मला या सगळ्यातला सर्वांत शहाणा सौदा वाटतो. १९९४, जपान, डेन्सो कंपनी. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर एकेक करून अनेक बारकोड वाचावे लागत, ते काम मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थोडक्यात आणायचं होतं. तीन कोपऱ्यांतले चौकोन वाचणाऱ्याला सांगतात की कोड कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे. त्या चौकोनाच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं रेघ मारा, काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण एकास एकास तीनास एकास एक येतं; छापील मजकुरात हे प्रमाण सहसा आढळत नाही, म्हणून हारा यांनी ते निवडलं. आत चुका सुधारणारी गणिती रचना अशी की सर्वांत पक्क्या पातळीवर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी केलेली ही सोय आज वडापावच्या गाडीवर तितकीच कामाला येते.

डेन्सोनं पेटंट घेतलं आणि जाहीर केलं की मानकाप्रमाणे कोड कराल तर आम्ही हक्क बजावणार नाही. पेटंट सोडून दिलं नाही, हातात ठेवलं. पैसे वाचणाऱ्या यंत्रांवर मिळवले. म्हणजे पेटंटची काठी ठेवली ती वापरणाऱ्यांसाठी नव्हे, भलतेच आटे पाडणाऱ्यांसाठी. पुढे १९९९ मध्ये जपानी आणि २००० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि २०१६ मध्ये आपल्याकडे यूपीआय आलं तेव्हा हा सांधा तयारच होता. त्यालाही मर्यादा आहे. दुकानदाराच्या कोडवर कोणी रात्री आपला कोड चिकटवून गेलं, तर सगळे ठिपके बिनचूक वाचले जातात आणि पैसे चोराला बिनचूक पोचतात. म्हणून पैसे भरताना पडद्यावर नाव दिसतं. ते वाचत चला.

आपल्या कायद्याबद्दल दोन शब्द. भारतातलं पहिलं पेटंट १८५६ मध्ये कलकत्त्याच्या डीपेनिंग यांना पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी मिळालं. आजचा कायदा १९७० चा. त्याच्या कलम ३ मधला ‘के’ खंड म्हणतो की गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि आकडेमोडीची रीत यांना पेटंट नाही. मुंबईतल्या अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात या एका खंडावर किती शाई खर्च होते, ते माझ्या व्यवसायबंधूंना विचारा. अनेक तरुण उद्योजकांना हा खंड जुनाट वाटतो. मला तो, त्यातली संदिग्धता धरूनही, बराचसा बरोबर वाटतो. लून यांचं यंत्र आपल्याकडेही पेटंटला पात्र ठरलं असतं. त्यांचं गणित ठरलं नसतं. यंत्र आज इतिहासजमा आहे, गणित सगळ्यांच्या खिशात.

माझ्याकडे कोणी नवा जोड, नवी पडताळणी, नवं कुलूप घेऊन आलं की मी आता पहिला प्रश्न नावीन्याचा विचारत नाही. मी विचारतो, याची दुसरी बाजू कोणाच्या हातात आहे? ती तुमच्याच हातात असेल, तर अर्ज लिहू. ती मातीसारखी, म्हणजे कशालाही हरकत न घेणारी असेल, तरीही लिहू. ती सगळ्या गावाच्या हातात असेल, तर अर्जाआधी भारतीय मानक ब्युरोची समिती गाठा, माप तिथे मांडा, आणि अर्ज त्या मापाचा जोड ओतणाऱ्या साच्यासाठी लिहून आणा. बहुतेक जण इथे नाराज होतात. काही परत येतात, साच्याचे आराखडे घेऊन.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. पंचकोनाच्या हालचालींचा तक्ता मी फळ्यावर लिहून ठेवतो. ज्यांना आपापल्या आधार क्रमांकावर तो चालवून पाहायचा असेल त्यांनी तो वहीत उतरवून घ्या आणि घरी करा. क्रमांक मात्र इथे कोणी मोठ्यानं वाचू नका.